वजनाचा तक्ता गावाबाहेर उघडत नव्हता

कोड लिहिणाऱ्या मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटली.

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडीत गेलो होतो. मुलांची वजनं नोंदवायचं तिथलं ॲप मी बनवलंय. होळीसाठी वीटभट्टीवरून आईबरोबर परतलेल्या दोन वर्षांच्या सोनीला अंगणवाडीताईंनी वजनकाट्यात बसवलं. दिवाळीनंतर गेली तेव्हापेक्षा वजन कमी भरलं. मधले सगळे महिने तक्ता कोरा.

ताई म्हणाल्या, "सर, तुमाला ॲप आणलं तवाच सांगलं होतं. नुसता वजनाचा तक्ता भट्टीकडच्या अंगणवाडीताईंच्या फोनात द्या."

सांगितलं होतं. "तेवढाच भाग सुटा होत नाही," असं मीच ठणकावलं होतं. ॲपच्या गाभ्यातच मी गाव, पाडा, अंगणवाडी सगळं कोंबलं होतं. गाव बदललं की तक्ता उघडायचाच नाही. आणि इथली निम्मी माणसं दिवाळीनंतर गावात नसतात, हे मला माहीत होतं!

सोनीच्या आईने पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यासाठी जीप पकडली.

मी ओट्यावरच लॅपटॉप उघडला. गाभ्यातून गाव, पाडा बाहेर काढले. तक्ता सुटा झाला, दुसऱ्या फोनात चालला.

तुम्हीही कुणाला असं "होत नाही" सांगून ठेवलंय का?

माझं काम तीनच तासांचं निघालं. जीप अजून परतलेली नाही.