दोन टोप्यांचा धडा

पणदऱ्याच्या पुढे एका गावात नवं हायस्कूल निघालं आणि मी तिथे इंग्रजी शिकवायला लागलो. पन्नास सालानंतरचे दिवस होते. माझी नेमणूक हंगामी होती. इन्स्पेक्टर साहेबांनी माझा एक तास बघायचा आणि पसंत पडला तर मला कायम करायचं, असं ठरलं होतं. नाही पडला तर इंदापूरला वडिलांच्या कापडदुकानात गज घेऊन बसायचं. कापड मोजताना मला गिऱ्हाइकाला कमी दिल्यासारखं वाटे, आणि जरा सैल मोजलं की वडिलांना फसवल्यासारखं. त्या दोन अपराधांतून सुटायला शाळेची नोकरी हाच एक मार्ग होता.

तेव्हा इंग्रजीची नवी पद्धत आली होती. वर्गात मराठीचा एक शब्द काढायचा नाही आणि जे वाक्य म्हणायचं ते करून दाखवायचं. खिडकी उघडत ‘आय ओपन द विंडो’ म्हणायचं. आमचा वर्ग गुळाच्या वखारीत भरे, आणि वखारीला खिडकीच नव्हती. तपासणीच्या दिवसासाठी धडा आला ‘पुट ऑन’ आणि ‘टेक ऑफ’चा. अंगावर घालणं आणि अंगावरून काढणं. कोट कुणाकडे नव्हता. चपला दाराबाहेर असत. सदरा काढायला सांगावा तर निम्म्या मुलांच्या सदऱ्याखाली नुसत्या बरगड्या होत्या. राहिली टोपी.

‘टेक ऑफ युवर कॅप’ असं मी म्हटलं आणि स्वतःच्या टोपीकडे बोट दाखवून काढायची खूण केली. वर्ग माझ्याकडे बघत बसला.

“सर, आमच्या घरी कोण मेलं न्हाय,” पुढचा मुलगा म्हणाला.

हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे बाप गेल्यावर मुलगा बोडका होतो, आणि दिवस झाल्यावर सोयरे येऊन त्याला टोपी घालतात. एरवी चारचौघांत बोडक्या डोक्याने कुणी बसत नसे.

मी पद्धतीचा नियम मोडून मराठीत म्हणालो, “अरे, ही इंग्रजीत काढायची आहे.”

“डोकं तर मराठीच हाय की, सर.”

मी तात्यांकडे गेलो. तात्या शाळा कमिटीचे चेअरमन, कारखान्याला ऊस घालणारे. त्यांनी पटका सारखा करत सगळं ऐकून घेतलं.

“सोपं हाय, मास्तर. खालची टोपी ऱ्हाऊ द्या. तिच्यावर दुसरी घाला आन् ती काढा. डोकं झाकल्यालं ऱ्हातंय, इंग्रजीबी व्हतंय.”

“तात्या, दोन टोप्या कोण घालतं?”

“इंग्लंडात काय घालत्यात ते तुमी बघून आलाय व्हय?”

मी बघून आलो नव्हतो. शिवाय मला सगळ्या मुलांची डोकी झाकायची होती आणि स्वतःची नोकरीही.

दुसऱ्या टोप्या कुठून आणायच्या? बापांच्या डोक्यावरून. तात्यांनी गावात फिरून सांगितलं, की तपासणीच्या दिवशी प्रत्येक बापाने आपली टोपी पोराला द्यायची आणि साहेब जाईपर्यंत उसात बसायचं. लोकांनी ऐकलं. टोपी देताना एकाने मला विचारलं, “पोरगं साहेब व्हईल ना?” मी मान हलवली. ती मान हलवल्याचं मला आजही बरं वाटत नाही.

त्या दिवशी सगळे उसात बसलेही. पण साहेबांची जीप फुफाटा उडवत आली आणि जीप बघायला सगळे रस्त्यावर आले. साहेबांनी जीपमधून काय पाहिलं? दोन्ही बाजूंना गंभीर चेहऱ्याने उभे असलेले बोडके पुरुष. अख्खं गाव.

साहेब वखारीच्या दारातून आत आले तेच खाली मान घालून. “गावावर मोठा प्रसंग आलेला दिसतो. आपण दोन मिनिटं शांत उभे राहू,” ते म्हणाले, आणि इंग्रजी रीतीने त्यांनी आपली काळी टोपी उतरवली.

माझी मुलं महिनाभर याच क्षणासाठी तयार झाली होती. दोन-दोन टोप्या घातलेला सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, “ही टेक्स ऑफ हिज कॅप!”

वाक्य अगदी बरोबर होतं. साहेबांनी दचकून टोपी पुन्हा घातली.

“ही पुट्स ऑन हिज कॅप!”

“गेलं कोण?” साहेबांनी मला विचारलं.

“कुणी न्हाय, साहेब,” मागून तात्या म्हणाले. “पोरांच्या इंग्रजीसाठी गाव बोडकं झालंय.”

साहेब हसले नाहीत. एका मुलाची वरची टोपी त्यांनी दोन बोटांनी उचलली आणि खालच्या टोपीकडे बराच वेळ बघितलं. “दोन टोप्यांवर जगात कुठलीही भाषा चालत नाही,” ते म्हणाले. “ही खालची काढून दाखवा. नाहीतर धडा झाला असं मी धरणार नाही.”

मी वर्गाकडे पाहिलं. दटावलं असतं तर चार-दोन जणांनी काढली असती, आणि घरी जाऊन मार खाल्ला असता. काही मुलांनी तर टोप्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या होत्या. मला कापडाचा गज डोळ्यांसमोर दिसला. मग मी माझी टोपी काढली आणि म्हणालो, “आय टेक ऑफ माय कॅप.”

मास्तरांचं बोडकं डोकं बघून मुलांनी माना खाली घातल्या. शेवटी साहेबच हळू म्हणाले, “ही टेक्स ऑफ हिज कॅप. ठीक आहे. तुम्ही कायम.”

सुटल्याच्या आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नेमके त्याच वेळी दारात आबा उभे होते. आबा म्हणजे भवानीनगरचे आमचे लांबचे सोयरे. उसाच्या बेण्याच्या कामाला आले होते, आणि बोडकं गाव बघून चौकशीला शाळेत डोकावले. आत सगळ्यांच्या डोक्यावर टोपी. बोडका मी एकटा, तोही रडणारा. अशा वेळी विचारायचं नसतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. ते तसेच परतले, नात्यातली माणसं त्यांनी गोळा केली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन बैलगाड्या इंदापूरला आमच्या दारात सुटल्या.

दार वडिलांनी उघडलं.

बायकांनी सूर काढला होता, तो मध्येच अडकला. आईने सगळ्यांना आत घेतलं आणि चहा टाकला. पण चहा कुणी घेईना.

“न्हाय वैनी,” आबा म्हणाले. “सुतकाच्या घरात काय घ्यायचं नसतंय.”

“आबा, मी समोर बसलोय की,” वडील म्हणाले.

“तुमी बसलाय ते दिसतंय. पर आमी निघालो ते सुतकाला निघालो.”

वडिलांनी त्यांच्यादेखत एकेक करत सगळे पेले स्वतः प्यायले. पुढच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “कायम झालास ना?” मी हो म्हणालो. ते गिऱ्हाइकाकडे वळले.

गेल्या वर्षी वडील खरोखर गेले. निरोप भवानीनगरला त्याच दिवशी पोचला होता. पण तिकडून माणसं आली ती तिसऱ्या दिवशी. त्याआधी आबांनी एका माणसाला सायकलवर इंदापूरला पाठवलं होतं. तो आमच्या दारात उतरला, त्याने माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं, आणि तरीही आत येऊन दुकानात वडिलांच्या गादीवर कुणी बसलंय का ते बघून गेला. मी त्याला अडवलं नाही.