काकूंनी घातलेली साद

काकू ऐकताना डोळे मिटायच्या. फोनवर गावाकडून नवरा बोलत असो, टीव्हीवर कुणी न कळणाऱ्या इंग्रजीत हवामान सांगत असो, की दूर झाडीत एखादा पक्षी ओरडत असो, त्या हात वर करून म्हणायच्या, "थांब रं, ऐकू दे." आपण मध्येच बोललो तर रागवायच्या नाहीत. तो हात फक्त आणखी थोडा वर जायचा.

काकू म्हणजे माझ्या ऑफिसातल्या सुहासची आई. साताऱ्याकडच्या एका कोरडवाहू गावातून त्या दर वर्षी मार्चअखेरीला नॉर्थ कॅरोलायनात यायच्या आणि सहा महिने राहायच्या. २००४ साली सुहासनं मॉरिसव्हिलचं अपार्टमेंट सोडून चाळीस मिनिटांवर, पार खेड्यात, तीन एकरांतलं जुनं घर घेतलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. "यार, रोज एवढं ड्राइव्ह करणार?" त्याचं उत्तर एकच, "आईला अपार्टमेंटमध्ये करमत नाही."

काकूंनी आल्या आल्या कोंबडीची पिल्लं आणायला लावली. आठ पिल्लं आणली. महिन्याभरात ती काकूंच्या मागे मागे अंगणभर फिरू लागली. पण त्याच उन्हाळ्यात एका रॅकूननं खुराड्याची कडी उघडून दोन नेली. हे जनावर हातानं कडी उघडतं हे काकूंना पटेना. "माणसासारखे हात? आणि चोरी?"

दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडचा अर्ल न सांगता हत्यारं घेऊन आला. सत्तरी गाठलेला विधुर, जन्मभर तंबाखूची शेती केलेला. त्यानं दिवसभर खपून खुराड्याला जाड जाळी मारली, माणसालाही पटकन उघडणार नाही अशी कडी बसवली. काकूंनी त्याला पिठलं-भाकरी वाढली. त्यानं ताट पुसून खाल्लं. त्या दिवसापासून तो 'अर्लभाऊ' झाला, आणि काकू भारतात गेल्या की कोंबड्या सहा महिने त्याच्याकडे राहायला जाऊ लागल्या.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या मराठीत बोलायच्या, तो त्याच्या लांबवलेल्या दक्षिणी इंग्रजीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्यात दुभाषा लुडबुडला की बोलणं बिघडतं. मी एकदोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सुहासच्या घरामागे पाइनची झाडी होती. तिथे रानटर्की होत्या. अर्ल पन्नास वर्षं दर वसंतात त्यांची शिकार करत आला होता. लाकडी डबीवर पट्टी घासून तो मादीचा आवाज काढायचा आणि नर जवळ यायची वाट पाहायचा. काकूंनी तीन सकाळी मागच्या पायरीवर बसून त्या माद्यांना डोळे मिटून ऐकलं. चौथ्या सकाळी त्यांनी गाल आत ओढले आणि नुसत्या तोंडानं तोच आवाज काढला.

मी तिथं होतो. अर्ल हातात कॉफीचा कप घेऊन उभा होता आणि झाडीत मादी शोधत होता. ती त्याच्या पाठीमागे पायरीवर बसली आहे हे कळल्यावर त्यानं कप हळूच कठड्यावर ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"काकू, हे कसं जमलं?" मी विचारलं.

"जमायचं काय त्यात? ती 'कुठायस, कुठायस' म्हणतीया. आपण पण तसंच म्हणायचं."

२००६च्या हिवाळ्यात अर्लला अर्धांगाचा झटका आला. तो वाचला, पण उजवा हात थरथरायचा. तरी काकू मार्चमध्ये आल्या तेव्हा कोंबड्या सगळ्या जागेवर होत्या, धष्टपुष्ट. एका हातानं पाणी उचलून त्यानं त्या सांभाळल्या होत्या.

एप्रिलमध्ये शिकारीचा हंगाम उघडला. गुडघ्यावर टेकवून त्याला बंदूक धरता येत होती, पण डबीवरचा आवाज थरथरत निघायचा. तोंडात धरायची पिपाणी कवळीमुळे जमेना. टेकडीवरचा एक म्हातारा नर त्याला तीन वर्षं चकवत होता. अर्ल सुहासच्या दारात आला आणि त्यानं पहिल्यांदाच मला मध्ये घेतलं. "तिला सांग, हा माझा शेवटचा वसंत आहे. तिनं फक्त एकदा बोलवावं."

मी सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला.

त्या काही कोवळ्या मनाच्या नव्हत्या. म्हाताऱ्या झालेल्या कोंबड्या त्या स्वतः कापायच्या. "ती माझी असती. मी खाऊ घातलेली असती," त्या म्हणाल्या, "पण याला मायेची हाक मारायची आणि मारायचं?" तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्यानं एका हातानं माझी कोंबडी सांभाळली. चल, सांग त्याला."

शनिवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. टर्कीच्या डोक्यावर लाल, पांढरा, निळा असे रंग असतात, म्हणून दुसऱ्या शिकाऱ्याची चूक होऊ नये यासाठी ते रंग अंगावर चालत नाहीत. काकूंनी मातकट लुगडं नेसलं, वर अर्लचं जुनं हिरवं-तपकिरी जॅकेट घातलं. मग अर्लचं लक्ष त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडे गेलं. त्यानं घाबरून बोट दाखवलं.

"मी पुसायची नाही," काकू म्हणाल्या. "नवरा हाय अजून गावाकडं." शेवटी अर्लनं आपली टोपी त्यांच्या भुवयांपर्यंत ओढून बसवली.

झाडाच्या बुंध्याला टेकून आम्ही बसलो. उजाडू लागलं तसं डॉगवूडची पांढरी फुलं अंधारातून एकेक वर आली. टेकडीवर नर घुमला. काकूंनी डोळे मिटले आणि साद घातली. चारच वेळा. नरानं उत्तर दिलं. अर्लनं खुणावलं, आणखी एकदा. काकूंनी मान हलवली. नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग वाळक्या पानांवर पंख घासल्याचा आवाज आला आणि तो झाडांतून बाहेर आला. पिसारा पूर्ण उघडलेला, अंगावर तांब्यासारखी झळाळी, छाती जमिनीला लागेल इतकी फुगलेली. त्याच्या पोटातून एक घुमारा निघत होता, तो कानांना नाही, माझ्या बरगड्यांना ऐकू आला. मी देवळातसुद्धा कधी असा स्तब्ध बसलो नव्हतो. तो मान उंच करून इकडे तिकडे बघत होता. बोलावणारी कुठं आहे, ते शोधत होता.

गोळी सुटली. तो जागेवर पडला.

अर्ल रडत होता, आणि हसतही होता. काकू उठून त्या पक्ष्याजवळ गेल्या, मांडी घालून बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "खोटं बोलले रं मी तुला," त्या म्हणाल्या. ते अर्लनं विचारूनही मी त्याला सांगितलं नाही.

त्यांनीच तो सोलला. झणझणीत रस्सा केला. अर्लच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यानं तीनदा वाढून घेतलं. काकूंनी फक्त एक घास खाल्ला, शिजवणाऱ्यानं खायला हवा म्हणून. त्यानंतर मागच्या झाडीत टर्की किती ओरडल्या तरी त्यांनी तो आवाज पुन्हा काढला नाही. अर्लनंही कधी म्हटलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये त्या यायच्या होत्या. तिकीट काढलेलं होतं. फेब्रुवारीत गावाकडून फोन आला आणि सुहास तसाच विमानतळावर गेला. अर्लला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तो कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी सांगितलं. त्यानं डबा खाली ठेवला आणि थरथरता हात दुसऱ्या हातात धरला. मग म्हणाला, "तिचं नाव काय होतं?"

तीन वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो होतो. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

"मग तू तिला काय म्हणायचास?"

"काकू."

त्यानं ओठ हलवून पाहिले. "का... कू." मान हलवली, त्याला ते बरोबर वाटलं नाही. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा, अगदी हळू, म्हणून पाहिलं.