कलाबतू

माझ्या भाचीला मुलगी झाली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेनासं झालं आहे. रोज फोन. "मावशी, गोड पाहिजे, पण कुणाचंच नसलेलं पाहिजे." मोबाईलवर हजारो नावं तिनं चाळली आहेत. अर्ध्या नावांचा अर्थ ठेवणाऱ्यालाही माहीत नसतो, पण असो. तिचा फोन आला की मला भागूबाई आठवते आणि माझं डोकं फिरतं.

चिकलठाण्याला आम्ही भिंतीला भिंत लावून राहायचो. माझे यजमान कारखान्यात फिटर, भागूबाईचा नवरा पुंजाराम शेजारच्याच कंपनीत वॉचमन. भागूबाईचा जन्म निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतला. लग्नाआधी ती शहरात हिमरूच्या शाली विणणाऱ्या एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. लिहिता येत नव्हतं, पण कारखान्यातले शब्द तिनं जिवापाड जपले होते. मखमल, किनखाप, कलाबतू. कलाबतू म्हणजे रेशमावर गुंडाळलेली सोन्याची तार. एकदा बुढ्या उस्तादानं ती तिच्या तळहातावर ठेवली होती. सांगताना ती तळहात पुढं करायची, जणू तार अजून तिथंच आहे.

पहिल्या मुलीचं नाव तिनं ठेवलं रेशीम. दात यायच्या आधीच गेली. दुसरी मखमल. तीही गेली. सासू म्हणाली, असली नटवी नावं ठेवल्यावर काळाची नजर जाणारच. तिसऱ्या वेळी भागूबाईच्या मनात कलाबतू होतं, सगळ्यांत सुंदर म्हणून मागं ठेवलेलं. पण ते ओठावर आणायची तिची छाती झाली नाही. बाळ जन्मल्या जन्मल्या सासूनं उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सरूबाई नावाच्या शेजारणीनं ते उचललं आणि भागूबाईनं सूपभर कोंडा देऊन आपलीच लेक तिच्याकडून विकत घेतली. फेकलेली वस्तू कोण नेतंय, असा त्यामागचा हिशोब. नाव ठेवलं उकंडी. उकंडा म्हणजे उकिरडाच.

उकंडी जगली. दणकट निघाली. शाळेत पोरं नाक धरून हाक मारायची तेव्हा रडत घरी यायची आणि आईशी भांडायची. भागूबाई ऐकून घ्यायची आणि पुन्हा त्याच नावानं जेवायला बोलवायची. लाडानंसुद्धा दुसरं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही.

उकंडीचं लग्न गंगापूरकडच्या घरात ठरलं. कापसाची शेती आणि गंगापूर रस्त्यावर माणसं भरून धावणारी वडापची जीप. नवरामुलगा त्रिंबक स्वतःच जीप चालवायचा. सुपारी फुटली तेव्हा भागूबाई विहिणीला, मनकर्णाबाईला, म्हणाली, "ईहीणबाई, मला दुसरं काय नको. तांदळात नाव काढाल तवा माझ्या मनातलं काढा. कलाबतू. आता पोर मोठी झाली, आता काय भ्या नाय."

मनकर्णाबाईला हायसंच वाटलं. उकंडी नावाची सून कोणाला मिरवायची असते? पाठराखीण म्हणून मीच गेले होते. ताटात तांदूळ पसरले, त्रिंबकनं अंगठीनं नाव काढलं आणि उकंडीनं ते वाचून माझ्याकडं पाहिलं. असं हसताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. परत येऊन भागूबाईला सांगितलं, तर ती पदरात तोंड घालून रडली. सुखानं. मीही रडले.

वर्ष सरायच्या आत पोर गेली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पुंजाराम आणायला गेला, तर मनकर्णाबाई म्हणाली, "येचणी उरकू द्या, मग पाठवतो." नवव्या महिन्यात पोर वाकून कापूस वेचत होती. मग पोटात दुखायला लागलं. गावची सुईण दमली आणि म्हणाली, दवाखान्यात न्या. जीप घरचीच. पण तो बाजाराचा दिवस होता. सकाळपासून जीप माणसं भरभरून दारावरून जात होती आणि आत पोर ओरडत होती. त्रिंबक म्हणाला, ही फेरी टाकून आलो. मनकर्णाबाई म्हणाली, पहिलटकरणीला येळ लागतोच. बाजार उठल्यावर जीप दाराशी थांबली, तेव्हा बाळ बाहेर आलं होतं आणि आईतलं रक्त संपलं होतं. त्यांच्या शेजारच्या वच्छलाबाईनं मातीच्या दिवशी हे सगळं मला भिंतीआड रडत सांगितलं.

मी पुंजारामला सांगितलं. तो पेटला. त्याचे भाऊ पेटले. पोलिसात जायचं ठरलं. त्यांच्या गावचा सरपंच मध्ये पडला, मनकर्णाबाईच्या ओसरीवर सगळे बसले. तेवढ्यात भागूबाई उठली. डोळ्यांत टिपूस नाही.

"यांचा काय दोस नाय," ती म्हणाली. "म्या नाव ठिवलं. इतकी वर्सं दडवलं आन मग म्याच काळाला पत्ता दिला. माझी लेक म्या खाल्ली."

मनकर्णाबाई काय कमी. लगेच डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आमी नकोच म्हणत होतो. पण ईहीणबाईचा हट्ट."

एवढं धादांत खोटं मी दुसरं ऐकलेलं नाही. सरपंचानं मान हलवली, भाऊ खाली बघायला लागले, पुंजाराम उठून चपला घालायला लागला. आईच बोलल्यावर कोण काय करणार? प्रकरण तिथंच मिटलं. उन्हाळ्यात त्रिंबकनं दुसरी केली.

परतताना एसटीत मी भागूबाईला अद्वातद्वा बोलले. जीप दारावरून जात होती, बाई! तुझ्या नावानं नाही, त्यांच्या हावेनं मेली!

"त्या घरात मोठ्या सुना बाळंत झाल्याच की," ती शांतपणे म्हणाली. "तवाबी जीप व्हती. त्या जित्या हायेत. एकीचं नाव साळू, एकीचं लक्ष्मी."

कपाळ!

मुलगीच म्हणून त्यांनी नात भागूबाईच्या स्वाधीन केली. बाराव्या दिवशी पाळणा टांगला. आत्या येणार नव्हतीच, म्हणून कानात नाव सांगायला भागूबाईनं मला बसवलं. पोरीचं नाक, जिवणी, सगळं आईचं. मी ठरवूनच गेले होते. आईला जेमतेम वर्षभर लाभलेलं नाव लेकीला तरी मिळू दे, पुसून जायला नको. मी वाकले, "कुर्र" केलं आणि "क" म्हणते न म्हणते तोच भागूबाईचा हात माझ्या तोंडावर बसला. कांड्या भरणाऱ्या बाईचा हात तो, ओठ दातांवर दाबले गेले.

"उकंडी म्हन," ती म्हणाली.

मी म्हणाले नाही. तिनंच वाकून सांगितलं.

ही उकंडीही जगली, वाढली. संध्याकाळी भागूबाई दारात उभी राहून "उकंडेऽ" अशी हाक मारायची तेव्हा मी आमचं दार ओढून घ्यायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "भागूबाई, ज्या नावानं लेकीला रडवलं, तेच नातीला कसं दिलंस गं?"

"वंगाळ हाय, मला कळत नाय व्हय?" ती म्हणाली. "पर हाक मारली की ओ देती. रेशीमला मारून बग, मखमलीला मारून बग, कलाबतूला मारून बग. कोन ओ देतंय?"

आज भागूबाई नाही. तिची नात स्वतः दोन मुलांची आई आहे आणि धडधाकट आहे. मी शिकलेली आहे, नजर-बिजर मानत नाही, त्या पोरीला कोणी मारलं ते मला पक्कं ठाऊक आहे. काल भाचीचा पुन्हा फोन आला. "मावशी, बारसं तोंडावर आलंय. कुणीच ठेवलं नसेल असं एखादं नाव नाही का गं तुझ्याकडे?"

आहे. फार सुंदर आहे. पलीकडं तिचं बाळ रडत होतं, ते मला ऐकू येत होतं.

"नाही गं," मी म्हणाले.