इमानाचं रान

आमच्या घरात विमानात बसलेलं माणूस एकही नाही. सासरे एकदा लोहगावच्या विमानतळावर कुणाला तरी सोडायला गेले होते, तेवढंच काय ते. तरीही माझी धाकटी जाऊ स्नेहल भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगते, की अमक्या फोटोतलं विमान कुठल्या काळातलं आणि ते कुठल्या मुलखात उभं आहे. आधी मला वाटायचं, हिला काम नाही. काम तर तिला भरपूर असतं. रांजणगावच्या एका कारखान्यात ती क्वालिटीत आहे, दिवसभर दिव्याखाली लोखंडी पार्ट फिरवून चरे शोधते. घरी आली की मोबाइलवर पुन्हा तेच, फक्त पार्टच्या जागी विमानं. मी म्हणायचे, "डोळे काय भाड्यानं आणलेत का गं?" ती हसायची आणि फोटो आणखी मोठा करायची.

मोबाइलवर तिचा एक ग्रुप आहे. देशोदेशीची माणसं त्यावर जुने फोटो टाकतात, कुणाच्या ट्रंकेत सापडलेले, कुणाला रद्दीत मिळालेले. विमान कोणतं आणि मैदान कोणतं, हे बाकीच्यांनी ओळखायचं. विमानं ओळखणारे तिथं पुष्कळ आहेत. मैदानं ओळखायची म्हटलं की भलेभले गारठतात, कारण माळ म्हणजे माळ, त्याला काय नाव लिहिलेलं असतं? एका फोटोवरून त्यांच्यात कितीतरी दिवस वाद चालला होता. कुणी म्हणे आफ्रिका, कुणी म्हणे ब्रह्मदेश. स्नेहलनं फोटोच्या कोपऱ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई शोधली, नखाएवढी, आणि सांगितलं, की ही बाई नऊवारीचा कासोटा घालून उभी आहे, आपल्या देशावरची आहे. मग कुणीतरी जुने नकाशे काढले आणि नगरकडची युद्धकाळातली धावपट्टी सापडली. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला. मी घरातल्या घरात हजारदा कासोटे पाहिलेत, पण माझ्या डोळ्याला तो दिसला नसता.

तिच्या कारखान्यात गौतमी नावाची मुलगी आहे. दौंडला वाढलेली, आता शिरूरमध्ये खोली घेऊन राहते. गेल्या जानेवारीत एका रविवारी ती आमच्याकडे आली आणि आपला मोबाइल स्नेहलपुढं धरला. जुन्या फोटोचा काढलेला फोटो होता. बारकंसं विमान, पंख खाली, पायलटची जागा वशिंडासारखी वर आलेली. पुढं बनियन आणि हाफ पँटीतला एक काटकुळा तरुण, हातात लांब काठीला लावलेलं निशाण.

"हे माझे आजोबा, साहेबराव," गौतमी म्हणाली. "भांडगावला असतात. सव्वीस जानेवारीला गावातलं एक मंडळ जुन्या गावाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवतंय. आजोबांनी हा फोटो दिला, तर पोरांनी परत केला."

"का गं?"

"सावळाराम आप्पांना विचारलं त्यांनी. गावात जुनं जाणतं माणूस तेच. आप्पा म्हणले, जत्रेतला असंल."

जत्रेतला म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. आमच्या लहानपणी जत्रेत फोटोवाले कापडावर विमान रंगवून आणायचे. त्याच्या खिडकीतून तोंड काढलं की झाला फोटो. माझ्या मामाचा तसला फोटो अजून भिंतीवर आहे आणि मामा त्यात लंडनला निघाल्यासारखा बसलाय.

"आजोबा आयुष्यभर सांगत आलेत, की रानात विमान उतरायचं आन् मी त्याच्या कामाला होतो," गौतमी म्हणाली. "लोक हसायचे. आता पोरंही हसली. त्या दिवसापासनं ते पारावर गेले न्हाईत. मला म्हणले, मी खोटारडा म्हणून मरायचो का? ताई, तेवढं बघा ना."

स्नेहलनं फोटो बघायला घेतला तो चुलीवरचं दूध बघावं तसा, नजर न हलवता. जत्रेतला नाही हे तिनं चहा व्हायच्या आतच सांगितलं. चाकाची सावली खाली ढेकळांवर पडली होती आणि कापडाला सावली नसते. पुढचं अवघड होतं. पंखाखाली एक आडवा पाइप होता. ग्रुपवरच्या कुणाला तो बंदुकीचा भाग वाटला, कुणाला तेलाची नळी. स्नेहलचं माहेर कवठे येमाईचं, बापाचं डाळिंब आणि कांदा. तिनं पाइपावरचे बारके टिपके मोठे केले आणि म्हणाली, "ताई, ही नोझलं हायेत. हे फवारणीचं विमान हाय." मग ग्रुपवरच्या एका जुन्या मेकॅनिकनं लिहिलं, की हे 'बसंत' असावं, आपल्याच देशात बांधलेलं, पिकांवर औषध मारणारं. अशी विमानं फार थोडी बनली होती.

गौतमीनं हे मंडळाला कळवलं. पोरं म्हणाली, विमान खरं असेल, पण आपल्या गावातलं कशावरून? प्रदर्शन गावाचं आहे. म्हणजे आता जागा सापडायला हवी होती आणि सव्वीस तारीख तर दाराशी आली होती.

"आजोबा जागा कुठली सांगतात?" स्नेहलनं विचारलं.

"इनामाचं रान म्हणतात. दात गेलेत त्यांचे, नीट कळत न्हाई. तरुणपणी लांब लांब कामाला जायचे, तिकडचं असंल कुठलं तरी."

इनामाचं रान म्हटल्यावर स्नेहलच्या डोक्यात माहेरचं देवीचं इनाम आलं. माहेरचं म्हटलं की बाईची अक्कल थोडी गहाण पडतेच. रविवारी ती मला गाडीवर मागं बसवून कवठ्याला घेऊन गेली. दिवसभर आम्ही मोबाइल उंच धरून बांधाबांधानं फिरलो. फोटोत मागं एक लांब डोंगर होता, मधेच खांदा पाडलेला. तिथले डोंगर काही केल्या तसे होईनात. लोक विचारत होते, रेंज येत नाही का? येताना मी तिला चांगलंच चिडवलं. शेवटी ती म्हणाली, "ताई, मी फोटोला हजार प्रश्न इचारले. ज्याचा फोटो हाय त्याला एकबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. न्हावऱ्यावरून चौफुला करत आम्ही तिघी भांडगावला पोचलो. साहेबराव अंगणात बसले होते. अंगात स्वच्छ सदरा, खोकला मात्र थांबत नव्हता.

स्नेहल त्यांच्या जवळ खाली बसली. "आबा, फोटो कुठं काढलाय?"

"इमानाच्या रानात."

"इनामाच्या?"

"इनाम न्हाई, पोरी." म्हातारबा वैतागले. "इमान. डोक्यावरनं जातं ते. इमान उतरायचं, म्हून इमानाचं रान."

स्नेहलनं कपाळावर हात मारून घेतला. शिकल्या-सवरल्या तोंडानं विमान म्हणणाऱ्या आम्ही, एवढा साधा शब्द आम्हाला ऐकू आला नव्हता.

ते रान गावाजवळच होतं. म्हातारबा काठी टेकत पुढं निघाले. ऊस नुकताच तुटून गेला होता, त्यामुळं नजर लांबवर जात होती. वाटेत स्नेहलनं विचारलं, काम काय होतं तुमचं?

"निशाण धरायचं. इमान निशाणावर नेम धरून यायचं, औषध मारीत. डोक्यावरनं गेलं की आपण ठरलेली पावलं सरकायचं, परत हुबं ऱ्हायचं."

"औषध अंगावर पडायचं?"

"पडायचं की. पर हलायचं न्हाई. निशाण हाललं तर इमान चुकंल."

खोकला कुठून आला असेल, ते मी विचारलं नाही. मला रडू आलं आणि मी पदर तोंडाला लावला.

रानाच्या मध्यावर स्नेहल थांबली. मोबाइल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरली आणि भुलेश्वराच्या देवळाच्या बाजूला तोंड करून थबकली. फोटोतला डोंगर आणि समोरचा डोंगर, खांद्यासकट एकच होता. तिनं मोबाइल गौतमीच्या हातात दिला. गौतमी एकदा डोंगराकडं बघे, एकदा आजोबांकडं.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. "कोन हाय रानात?"

धोतर-टोपीतले एक म्हातारे आले. गौतमी दबक्या आवाजात म्हणाली, हेच सावळाराम आप्पा, रान यांचंच. माझं टाळकं सरकलं. ज्याच्या रानात विमान उतरलं, त्यानंच जत्रेतलं म्हणून सांगावं? मी तोंड उघडणार, तोच स्नेहलनं फोटो त्यांच्यापुढं धरला आणि सरळ विचारलं, "आप्पा, हे तुमचंच रान ना?"

आप्पांनी फोटो पाहिला. डोंगराकडं मात्र पाहिलं नाही, त्याची त्यांना गरज नव्हती.

"व्हय," ते म्हणाले. "पोरास्नी मी सांगतो. फोटो लावत्याल."

"मग आधी जत्रेतला का म्हणालात?"

आप्पांनी पायानं उसाचं पाचट सारलं. "रान आमचं," ते म्हणाले. "ऊस आमचा. मी नवा सदरा घालून बांधावर हुबा. आन् पायलटनं फोटो काढला त्यो ह्याचा."

साहेबरावांनी काठीवर दोन्ही हात ठेवले, खोकल्याची उबळ जाऊ दिली, आणि म्हणाले, "आप्पा, तवाच बोलला असता, तर पायलटला म्हनलो असतो की, ह्यांचाबी काढा."