तिथ्या गाळलेली वही

आमचे सर नौपाड्यातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि निवृत्त झाल्यावर खाडीच्या चिखलात उभे राहायचे. ऐंशीच्या दशकात ठाण्यातले लोक खाडीला सरळ गटार म्हणत. इथे काय काय जगतं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, हे आमच्याकडे पहिल्यांदा सरांना सुचलं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांना त्याचं काही नव्हतं.

त्यांच्या गुरू होत्या चेंदणीच्या एक कोळीण मावशी, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे धरणाऱ्या. सर म्हणत, ज्याचं पोट ज्याच्यावर, त्याचं लक्ष त्याच्यावर. म्हणून आधी मावशींना विचारायचं, मग पुस्तकात बघायचं. अमावास्येला चिंबोरी भरलेली आणि पुनवेला पोकळ, हे मावशींनी सांगितलं तर सर दोन वर्षं चिंबोऱ्या फोडून बघत बसले. चिखलावर परांनी सरपटणारे मासे, म्हणजे निवट्या, बिळातून कधी बाहेर येतात, बगळे कधी उतरतात, अशा बारा वर्षांच्या नोंदी त्यांच्याकडे झाल्या होत्या.

मग काचबिंदूने त्यांची नजर जायला लागली. डोळे आहेत तोवर वह्या नीट उतरवून पुस्तक व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ते काम त्यांनी मला दिलं. मी तेव्हा नुकती प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेले. म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळी.

वह्या बघून माझं डोकंच फिरलं. प्रत्येक नोंदीवर तिथी! श्रावण वद्य पंचमी, माघ शुद्ध नवमी. म्हटलं, हे शास्त्र आहे की संकष्टीचा उपास? मी सगळ्या तिथ्या गाळल्या आणि नोंदी जून, जुलै अशा महिन्यांखाली सुबक लावल्या. सहा महिने खपले. वर शहाणपणा असा, की त्या कुबट, ओल लागलेल्या वह्या त्यांच्या घरात अडगळ नको म्हणून रद्दीत देऊन टाकल्या.

सरांना वाचून दाखवायला बसले. पहिलं पान होताच त्यांनी तिथी विचारली. काढल्या, म्हटलं. मग त्यांनी जुन्या वह्या कुठे आहेत ते विचारलं. मी तेही सांगितलं. सरांचा चहा तसाच निवला. मला वाटलं, ओरडावं ना यांनी!

दुसऱ्या दिवशी ते मला रिक्षाने खाडीवर घेऊन गेले. मावशींना त्यांनी माझी करणी सांगितली, तक्रार न करता. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आगो पोरी, खाडीला तुझा जून कलतो का?"

मग त्यांनीच मला समजावलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी आणि चिखल उघडा. खाडीतलं सगळं पाण्याच्या येण्याजाण्यावर जगतं. तिथी गेली की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की माझ्या त्या सुबक वहीत नुसती नावं उरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर म्हणाले, पुन्हा लिहू. मावशी बघायच्या, सर विचारायचे, मी लिहायचे. पुढे सरांना अजिबात दिसेनासं झालं, तरी ते काठावर येऊन बसत. मावशींसारखं बघायला मला दोन वर्षं लागली. सरांच्या बारा वर्षांतली बरीचशी माहिती मात्र गेली ती गेलीच. ती माझ्या हातून गेली, हे मी आजही कुणाला हसत सांगू शकत नाही.

तिसऱ्या वर्षी सर आजारी पडले. हॉस्पिटलात सकाळी मी त्यांच्या उशाशी बसलेले. डोळे मिटूनच ते हळू म्हणाले, "आज तिथी कोणती?"

"अष्टमी, सर."

"मग बाराला चिखल उघडा पडेल. तू इथे काय करतेयस?"

मला राग आला, रडूही आलं. पण गेले. त्या दिवसाची नोंद वहीत आहे: कार्तिक शुद्ध अष्टमी, निवट्या बाहेर, बगळे सात. ती ऐकवायला परत गेले तेव्हा खाट रिकामी होती.