हबवर ठेवलेला उलटा हात

निवृत्तीआधीची माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगराळ सेक्टरमध्ये होती. मी ईएमईचा, म्हणजे फौजेची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलाचा हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात बहुतेक वेळ पाना असायचा. बायको तर म्हणायची, तुम्ही सुट्टीवर आलात की घराला आधी ग्रीसचा वास येतो, मग तुम्ही दिसता.

सकाळी फॉलइन, मग एमटी पार्कमध्ये गाड्यांची फर्स्ट परेड. तेल, पाणी, हवा, ब्रेक. आमच्या पोस्टवरून खाली जाणाऱ्या रस्त्यावर एक नाला होता. पूल वाहून गेलेला, त्यामुळे गाड्या पाण्यातून जायच्या. आमचा नियम साधा होता. हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला तुंबा, पाण्यात बुडालं की मुक्कामावर पोचल्यावर पुढची दोन्ही चाकं उघडायची, बेअरिंग धुवायचं, नवं ग्रीस भरायचं. उतारावर ब्रेक दाबून हब तापलेलं असतं. ते थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीसचं ताक होतं, बेअरिंग गंजतं आणि चाक घरघरायला लागतं. पुढे ते कधी जाम होईल याचा नेम नाही.

नाईक दिनेश आमचा ड्रायव्हर. केळव्याजवळच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातला. समुद्राचा मासा डोंगरावर चढवला म्हणून सगळे त्याची टर उडवायचे. त्याला एक सवय होती. कुठेही हॉल्ट झाला की तो खाली उतरायचा आणि चारही चाकांच्या हबवर हाताची उलटी बाजू ठेवायचा.

"ताप बघतोस काय रे गाडीचा?" मी एकदा विचारलं.

"होय उस्ताद. आये आमचा असाच बघायची. तळव्याला घट्टे असतात, त्याला काय कळत नाय. उलट्या हाताला खरं कळतं."

मीही तसंच करायला लागलो. हवालदारानं नाईकाकडून शिकू नये असं कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

त्या दिवशी पोस्टवरच्या एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं. हवामान खराब, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. त्याला रस्त्यानंच खाली न्यायचं ठरलं. पुढे दिनेशची गाडी, तिच्यात पेशंट, नर्सिंग असिस्टंट आणि सोबतीला एक शिपाई. मागे माझी, बंद पडलेल्या गाड्या ओढणारी रिकव्हरी गाडी. नाल्याला पाणी वाढलेलं होतं. दोन्ही गाड्या पार झाल्या. त्यानंतर बऱ्याच अंतरावर दिनेशनं हात बाहेर काढून थांबण्याची खूण केली.

मी पोचलो तेव्हा तो उजव्या पुढच्या चाकाशी वाकला होता. उलटा हात टेकवला आणि लगेच काढला.

"भाजतंय, उस्ताद."

मी चाक धरून हलवलं. ते खुळखुळत होतं. बेअरिंग संपलं होतं. माझ्या पेटीत नवं होतं, पण बसवायला वेळ लागणार होता आणि पेशंटकडे वेळ नव्हता. मी रेडिओवर रिपोर्ट दिला.

"पेशंट?" कंपनी कमांडरांनी विचारलं.

"क्रिटिकल, सर."

"शिफ्ट करो. रुको मत. ओव्हर."

पेशंटला माझ्या गाडीत घेतलं. पण रस्ता एकाच गाडीचा. दिनेशची गाडी बाजूला झाल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नव्हतो. मागे ओढावी तर चढ आणि वळण. पुढच्या वळणापलीकडे दोन गाड्या शेजारून जातील अशी क्रॉसिंगची जागा होती. तिथपर्यंत ती गाडी कुणीतरी चालवत नेणं भाग होतं.

मी म्हणालो, "मी नेतो."

"ड्रायव्हर मी हाय," दिनेश म्हणाला. "तुमी पेशंट बघा."

त्यानं गाडीतलं सगळं सामान उतरवलं, सोबतच्या शिपायालाही उतरवलं आणि उडी मारता यावी म्हणून दार उघडंच ठेवून गाडी पुढे काढली. माणसाच्या चालीनं चालली होती ती. वळणावर चाक जाम झालं, चाक धरून ठेवणारा स्टब तुटला, आणि गाडी दरीच्या बाजूला कलली आणि खाली गेली. उघडं दार त्याच बाजूला होतं.

रस्ता मोकळा झाला होता. रेडिओवर मी काय बोललो ते मला आठवत नाही. उत्तर आठवतं. "कॅरी ऑन." मी त्या वळणावरून गाडी नेली. थांबलो नाही. तो जवान वाचला. दिनेशचा देह संध्याकाळी दरीतून वर आणला.

पेन्शनीत आल्यावर मुलाच्या नोकरीमुळे आम्ही बोईसरला आलो. मुलगा कुंभवलीकडे कारखान्यात जातो. मी बेटेगावच्या रस्त्याला एक छोटं गॅरेज टाकलं. दिनेशच्या घरी जाऊन आलो होतो, पण त्याच्या आईसमोर बसून चहा पिण्यापलीकडे माझं धाडस झालं नाही. तिनंही काही विचारलं नाही.

यंदा पावसाळ्यानंतर एके दुपारी दिनेशचा धाकटा भाऊ नरेश स्वतःची जुनी पिकअप घेऊन आला. शेजारच्या सीटवर आई. मागे बर्फात मासळी.

"काका, पुढून जरा आवाज येतोय. ग्रीस मारून द्या पटकन. घाट चढून नाशिकला जायाचंय."

मी उलटा हात लावला. डावं हब गरम होतं.

"गाडी धुतोस कुठे?"

"दर्यावर. ओहोटीला पाण्यात घालतो, चाकं साफ होतात. सगळेच घालतात."

सगळेच घालतात हे खरं आहे. होडी पाण्यात घालावी तशी ही माणसं गाडी पाण्यात घालतात, तीही बोईसरहून तापून आलेली. वर पाणी खारं.

"गाडी जाणार नाही," मी म्हणालो.

"काका, बरफ वितळतंय! माल सडेल!"

आई खाली उतरली. खिडकीतून हात घालून तिनं किल्ली काढली आणि कनवटीला लावली. "माल दुसऱ्या गाडीत घाल. तू नाय जायचा."

नरेश धुसफुसत फोन करायला गेला. थोड्या वेळानं दुसरी गाडी येऊन मासळी घेऊन गेली. मी जॅक लावला, खाली स्टँड दिला, चाक काढलं. डस्ट कॅप, स्प्लिट पिन, नट. हब बाहेर आलं तेव्हा ग्रीस पांढरंफट्ट होतं. रोलर गंजानं खाल्लेले. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या हबमध्ये घट्ट बसलेल्या असतात, त्याही ठोकून काढल्या. पुष्कळ जण त्या जुन्याच ठेवतात आणि नवं बेअरिंग महिन्यात घालवतात. तळव्यावर ग्रीस घेऊन नव्या बेअरिंगच्या रोलरांमधून ते पलीकडून बाहेर येईपर्यंत दाबून भरलं. सील नवं घातलं. नट आवळत हब फिरवलं, मग थोडा सैल केला, स्प्लिट पिन नवी. उजवीकडेही तेच केलं.

आई स्टुलावर बसून सगळं बघत होती. काढलेलं बेअरिंग तिनं उचललं आणि बोटानं फिरवलं. ते करकरलं.

"माझ्या दिनूच्या गाडीचं असंच झालं व्हतं?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं. मी हात पुसले आणि सांगितलं. नाला, पेशंट, वळण, उघडं दार. मी थांबलो नाही, तेही सांगितलं. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

"तो पोरगा जगला?"

"जगला. त्याला आता दोन मुलं आहेत."

तिनं हातातलं बेअरिंग खाली ठेवलं. म्हणाली, "मग बरोबर केलंत तुमी."

संध्याकाळी आईकडून किल्ली घेऊन, नरेशला शेजारी बसवून मी पिकअप बोईसरच्या बाहेरपर्यंत पळवून आणली. गॅरेजसमोर थांबलो. मी उतरायच्या आत आई पदर खोचून पुढे आली. वाकली आणि डाव्या हबवर हाताची उलटी बाजू ठेवली. मग उजव्या. मग मागे जाऊन दोन्हींवर. चारही झाल्यावर कनवटीला हात गेला, पण किल्ली माझ्याकडे होती. तिनं ती मागून घेतली आणि नरेशच्या हातात दिली.

"ताप नाय," ती म्हणाली. "जा आता."

नाईक दिनेश असता तर त्यानं पुन्हा एकदा चारही हब बघितली असती. म्हणून मी बघितली.