अवेळच्या मिरच्या

कॅनडातल्या मुलाने सांगून घरात कॅमेरा बसवून घेतला, तेव्हा बसवणारा म्हणाला, "मासी, नको असेल तेव्हा हे बटण दाबा. बंद होईल."

हसुमतीबेन हसल्या. "याला बटण आहे रे. समोरच्या कंचनबेनला कुठे आहे?"

अमदाबादच्या जुन्या शहरातली ती गल्ली. दारासमोर दार, आणि दिवसा दार लावायची पद्धतच नाही. लग्न होऊन आल्यापासून भाजी कधी करपली, नवऱ्याचा आवाज कधी चढला, सगळं चव्हाट्यावर. एकदा डोकं दुखतं म्हणून दार लोटलं, तर तिघीजणी काढा घेऊन हजर! आधी राग यायचा. पुढे रागाचाही कंटाळा आला. इतक्या डोळ्यांत आणखी एक, म्हणून त्यांनी कॅमेराही चालूच राहू दिला.

भाद्रपदातल्या एका सकाळी नडियादहून भाचीचा फोन आला. "आत्या, पप्पा गेले."

मनहर, त्यांचा एकुलता एक भाऊ. लग्नातल्या मानपानावरून नवऱ्याने, रमणिकलालनी, त्याचं नाव घरात काढायला बंदी केली होती. हसुमतीबेननी ती जन्मभर पाळली.

"कुणाचा फोन?" रमणिकलालनी झोपाळ्यावरून विचारलं.

"चुकून लागला."

आता रडायचं कुठे? दार लावलं तर गल्ली गोळा होईल. न्हाणीत बसलं तर हे हाका मारतील. बटण दाबलं तर मुलगा घाबरेल. जीव नुसता विटून गेला. त्यांनी फळीवरून सुक्या मिरच्यांचा डबा काढला, खलबत्ता ओढला आणि कुटायला बसल्या. मग डोळे मोकळे वाहू लागले.

"हे काय अवेळी काढलंस!" म्हणत रमणिकलाल खोकत बाहेर गेले.

मुलाचा फोन आला. "बा, डोळे बघ किती लाल झालेत! विकतचं तिखट आण ना."

"आणीन हं."

समोरून कंचनबेन आल्या. वर्षाचं तिखट दोघींनी चैत्रातच कुटून ठेवलेलं. दर राखीला हसुमतीबेन देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला राखी का बांधतात, हेही त्यांनी कधीचं पाहून ठेवलेलं. त्या शेजारी टेकल्या.

"मनहरभाई?"

हसुमतीबेननी मान हलवली.

कंचनबेननी डब्यात डोकावून पाहिलं आणि पदर खोचत उठल्या. "तू कुटत राहा, हसु. माझ्याकडच्याही आणते. एवढ्याशा मिरच्यांनी काय भागतंय?"